पितृपंधरवड्यातलं विमान

आमच्या घरी पैशांचा हिशोब ही ठेवते आणि पॉइंटांचा मी. पैसे महिन्याच्या वीस तारखेला संपतात, त्यामुळे तिची वही आटोपशीर असते. पॉइंट मात्र साठत जातात, आणि साठलेल्या गोष्टीचं काय करायचं हे आमच्या घराण्यात कुणालाच कधी शिकवलेलं नाही.

मी त्या पॉइंटांतून मिक्सर घेणार होतो. कार्डाच्या कॅटलॉगात बोट ठेवलंही होतं. तेवढ्यात भाचा आला आणि सुतकी चेहरा करून म्हणाला, "मामा, मिक्सर? पंचवीस पैशाने पॉइंट विकताय?"

मग त्याने शिकवणी घेतली. पॉइंटाला किंमत नसते, भाव असतो. कॅटलॉगात चार आणे, पण तोच पॉइंट विमान कंपनीच्या खात्यात वळवून त्याचे माइल्स केले की रुपया, कधी दीड रुपयासुद्धा. तिकिटाच्या रोख भाड्यातून कर वजा करायचे (पॉइंटांवर तिकीट काढलं तरी कर आपल्याच खिशातून जातात) आणि उरलेल्या रकमेला लागणाऱ्या माइल्सनी भागायचं. येईल तो भाव. एक पथ्य मात्र कडक: बिल दर महिन्याला पुरतं भरायचं. थकलं तर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात, म्हणजे विमान जमिनीवरच.

त्या दिवसापासून मी बदललो. हॉटेलात बिल आलं की पूर्वी मी हात धुवायला जायचो. आता झडप घालायला लागलो. "मी देतो, तुम्ही मला जीपे करा!" मित्रांना वाटलं, सेवानिवृत्तीनंतर हा मनाने मोठा झाला. पेट्रोलवर पॉइंट मिळत नाहीत हे कळल्यावर मी चालायला लागलो आणि साखरही कमी झाली. हा फायदा भाच्याच्या सूत्रात कुठेच बसत नाही.

कळस झाला पुतणीच्या लग्नात. कार्यालयाचं बिल दोन लाख चाळीस हजार. भावाकडून आधीच पैसे घेऊन मी कार्ड पुढे केलं. मॅनेजर पानाला चुना लावत म्हणाले, "कार्डावर दोन टक्के जास्त पडतील." आहेराच्या एका पाकिटामागे मी गणित मांडलं. दोन टक्के म्हणजे 4,800 रुपये, तेही माझेच. दीडशे रुपयांना चार या दराने पॉइंट 6,400. रुपयाचा भाव धरला तर सोळाशे रुपये सुटतात! कार्ड घासलं. आत मंगलाष्टकं चालू होती आणि मी बाहेर भागाकार करत होतो.

माझ्याहून वेडे लोक आहेत, हाच काय तो दिलासा. 1999 साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड फिलिप्स नावाच्या इंजिनिअराने पुडिंगच्या 12,150 वाट्या विकत घेतल्या, कारण वेष्टनांवरच्या बारकोडांवर माइल्स मिळत होते. खर्च 3,140 डॉलर, कमाई साडेबारा लाखांवर माइल्स. पुडिंग त्याने एका धर्मादाय संस्थेला दिलं, त्या बदल्यात तिथल्या मंडळींकडून बारकोड सोलून घेतले आणि दानाबद्दल करातून सूटही मिळवली. हा माणूस सदाशिव पेठेत का जन्मला नाही, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

माझे पॉइंट 31,000 झाले आणि बँकेची मेल आली: 'आपला अनुभव अधिक समृद्ध करण्यासाठी.' अशी सुरुवात असली की समजावं, खिशाला हात घातलाय. पूर्वी एका पॉइंटाला एक माइल मिळायचा, आता दोन पॉइंटांना एक. कार्यालयातले माझे सोळाशे रुपये नफ्याच्या रकान्यातून उठून तोट्याच्या रकान्यात जाऊन बसले.

तरी म्हटलं, दिवाळीत मेहुणीकडे दिल्लीला जाऊ. रोख भाडं 11,400, कर 900, माइल्स 7,000. भाव दीड रुपया! फक्त माइल्सवरची जागा एकही नव्हती. गणपतीत नाही, नवरात्रात नाही. मधल्या एका पंधरवड्यात मात्र हव्या तेवढ्या जागा दिसल्या. मी ओरडलोच. हिने कालनिर्णय उलटून पाहिलं.

"पितृपक्ष आहे तो."

रोख भाडंही तेव्हा 4,400 च होतं. म्हणजे भाव पन्नास पैसे.

आई म्हणाली, "पंधरवड्यात नवीन काही करायचं नसतं."

"आई, पॉइंट जुनेच आहेत."

तिने बराच विचार केला. "मग आधी नानांची तिथी होऊ दे."

नवमीचं श्राद्ध उरकून, खिरीची चव जिभेवर घेऊन आम्ही दशमीला उडालो. दोघांचे जाण्याचे 14,000 माइल्स, म्हणजे 28,000 पॉइंट. येताना झेलम एक्स्प्रेसच्या थ्री-टायरने आलो. एक अख्खी रात्र, एक दिवस आणि वर मनमाडचा चहा. विमानात खिडकी मला मिळाली होती, गाडीत ती हिने घेतली.

उरलेल्या तीन हजार पॉइंटांतून हिने मला न विचारता कॅटलॉगातला स्टीलचा डबा मागवला. मी हिशोब केला: एक लाख साडेबारा हजारांची खरेदी झाली, तेव्हा हा डबा घरात आला. पण तोवर ती शेजारणीला जिन्यात सांगत होती, "अहो, अगदी फुकट मिळाला!"

झाकण जरा ढिलं आहे. आमटी नेता येत नाही, पोळी-भाजीला चालतो.