जेवणासकट

सातवीच्या वर्गाला शेकडा नफा-तोटा शिकवण्यात माझी एकवीस वर्षं गेली. खरेदी किंमत विक्री किमतीपेक्षा जास्त असली तर काय होतं, असं विचारलं की शेवटच्या बाकावर डुलक्या घेणारं पोरगंही डोळे न उघडता "तोटाऽ" म्हणतं. एवढी माझी शिकवण पक्की. आणि असा मी मास्तर गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एका शब्दावर पाघळलो. तो शब्द म्हणजे 'फुकट'.

नागपूरच्या साळ्यानं मोबाइलवर जाहिरात पाठवली. मागोमाग त्याचा फोन. "भाऊजी, हैदराबादच्या बाजूले पार्क हाये. झुले, पाण्याच्या घसरगुंड्या, सारं काही. तिथल्याच हॉटेलात एक रात्र राहा, तीन टाइमचं जेवण फुकट! दुपारचं, रातचं आन सकाळचा नाश्ता. बुफे हाये, पोट फुटेस्तोवर खा."

आम्ही झरी जामणीचे. झरी आणि जामणी या दोन गावांची नावं जोडून झालेला हा तालुका यवतमाळ जिल्ह्याच्या पार काठावर, तेलंगणाला खेटून आहे. खोपोलीचं इमॅजिका 2013 साली सुरू झालं तेव्हा 'आपल्या महाराष्ट्रात' म्हणून आम्हालाही अभिमान वाटला होता. पण इथून हैदराबाद साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आणि खोपोली त्याच्या दुपटीहून लांब. त्यामुळे आमची मौजमजा राज्याबाहेरच जाते. हैदराबादजवळ 1996 सालची रामोजी फिल्म सिटी आहे, 2016 साली आलेलं वंडरला आहे. आम्ही गेलो ते पार्क यांतलं नव्हे. त्याचं नाव मी सांगणार नाही. त्यांचं मीठ खाल्लंय, आणि ते का खाल्लं तेही पुढं येईलच.

खरं तर आमच्याकडे झुला म्हणजे वणीच्या रंगनाथ स्वामींच्या यात्रेतला आकाशपाळणा. तिथं पाळण्याचे पैसे वेगळे, भज्यांचे वेगळे, आणि दोन्ही कुणाला फुकट मिळाल्याचं ऐकिवात नाही. म्हणून जेवणासकट झुला ही कल्पनाच मला भारी वाटली. बुकिंगला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं गोड आवाजात विचारलं, "सर, ईपी, सीपी, एमएपी की एपी?"

मला वाटलं, शाळेची युडायस माहिती मागतेय. मग तिनं समजावलं. ईपी म्हणजे युरोपियन प्लान : नुसती खोली, उपाशी झोपा. सीपी म्हणजे काँटिनेंटल : नाश्ता मिळेल. एमएपी म्हणजे सुधारित अमेरिकन : नाश्ता आणि एक जेवण. आणि एपी म्हणजे अख्खा अमेरिकन प्लान : तिन्ही वेळचं. मी छाती फुगवून म्हणालो, "अमेरिकन करा."

हे ओसरीवर बसून बोललो, तिथं चूक झाली. माय सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, काड्या निवडत होती. तिनं 'अमेरिकन' तेवढं ऐकलं. सांजेपर्यंत गावभर झालं की मास्तर मायला घेऊन अमेरिकेला चालला. किराणा दुकानदारानं उधारी मागायची सोडली. एका शेजाऱ्यानं विचारलं, "मास्तर, कापसाचा चुकारा तर अजून भेटला नाई, मंग इमानाचं तिकीट कसं काहाडलं?" मी खुलासा केला. पण आपल्याकडे खुलासा पायी निघतो आणि अफवा फटफटीवर.

माझा भाचा खरोखरच अमेरिकेत, न्यू जर्सीला असतो. व्हिडिओ कॉलवर त्याला बेत सांगितला तर तो खो खो हसला. "मामा, हाच खेळ इथं डिस्नीवाल्यांनी केव्हाचा केला." फ्लोरिडातल्या डिस्नी वर्ल्डनं 2005 साली डायनिंग प्लान काढला आणि त्याच वर्षी ठरावीक तारखांना तो फुकट देऊन पाहिला. लोक त्या तारखांवर तुटून पडले. एरवी त्या खोल्यांवर सवलत मिळते, फुकट जेवण घेतलं की मात्र खोलीचं भाडं पूर्ण भरायचं. मग लोक कागद-पेन्सिल घेऊन बसतात : सवलतीची खोली बरी की भरल्या भाड्यातलं जेवण? 2020 साली महामारीत तो प्लान बंद पडला आणि 2024च्या जानेवारीत परत आला, तेव्हा माणसं माहेरवाशीण आल्यासारखी आनंदली म्हणे. भाचा म्हणाला, "मामा, तुमचंही भाडं विचारून घ्या, बिनजेवणाचं."

विचारलं. बिनजेवणाची खोली पाच हजार चारशे. 'फुकट' जेवणाची आठ हजार सहाशे. म्हणजे आमचं फुकट तीन हजार दोनशे रुपयांचं होतं.

सातवीच्या पोरानं इथं "तोटाऽ" म्हटलं असतं. पण मास्तरला जास्त कळतं, तोच त्याचा घोळ. मी हिशेब मांडला. आम्ही पाच जण : मी, सौ., माय, पोरगी आणि पोरगा. तीन वेळा गुणिले पाच, पंधरा ताटं. बत्तीसशे भागिले पंधरा, ताटाला दोनशे तेरा रुपये. एवढ्यात तर हमरस्त्यावरच्या ढाब्यावर धड पनीरही मिळत नाही. नफा! सौ. म्हणाली, "पंधराच्या पंधरा खानार का पन आपन?" मी म्हणालो, "खाऊ ना. कायले नाई खानार?"

खाण्यासाठी प्रवास करणं ही काही हैदराबादनं काढलेली टूम नाही. वऱ्हाड म्हणजे दुसरं काय असतं? पाहुणचार, पंगत, जानवसा, रुसायची सोयसुद्धा पॅकेजात. आमच्या भागात गोंडांची आणि कोलामांची दंडारी असते. दिवाळीत ढोल-तुडुंब घेऊन एका गावची, एका पोडावरची (कोलामांच्या वस्तीवरची) मंडळी दुसऱ्या गावी जातात, रात्रभर नाचतात, आणि जेवण-मुक्काम ते गाव करतं. पुढं पाहुण्याचा यजमान होतो. यालाच अमेरिकन प्लान म्हणायचं तर तो पैनगंगेच्या काठी आधीपासून आहे. सहलवाल्या कंपन्यांत केसरी 1984 साली निघाली, वीणा वर्ल्ड 2013 साली, आणि दोघांनीही ओळखलं की मराठी माणसाला आल्प्स दाखवायचा तर ताटात वरण-भात दिसला पाहिजे. तेव्हा जेवणावर सहल बेतणं यात लाज काही नाही. प्रश्न ताटांच्या संख्येचा होता.

पहाटे पाचला निघालो. मायनं पिशवी भरली होती : ज्वारीच्या भाकरी, मिरचीचा ठेचा, जवसाची चटणी, कांदे. मी म्हणालो, "माय, तिथं सारं फुकट हाये." ती म्हणाली, "असू दे. फुकटाचा काय भरोसा?" आणि पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

पाटणबोरीला हमरस्ता धरला, पैनगंगेचा पूल ओलांडला, आदिलाबाद मागं टाकलं. निर्मलला पोरांनी लाकडी खेळण्यांसाठी गाडी थांबवली. तिथली खेळणी नावाजलेली, पोरगी हटवादी, आणि दुकानदार दोघांच्या वरताण. पुढं कामारेड्डीच्या अलीकडं टायर बसला. पार्कच्या फाटकावर पोचलो तेव्हा पावणेतीन झाले होते. जेवणाची वेळ साडेबारा ते अडीच.

पाच ताटं गेली.

फाटकावर पहारेकऱ्यानं पिशवी अडवली. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही. माय तेलुगूत त्याच्याशी भांडली. सीमेवर राहून तिला भांडण्यापुरती आणि आग्रह करण्यापुरती तेलुगू येते, बाकीची लागत नाही. शेवटी पिशवीला बिल्ला लावून ती त्याच्या खोलीत ठेवली. आत जाऊन चाळीस रुपयांचा एकेक सामोसा खाल्ला.

रात्रीच्या जेवणाला मात्र आम्ही वेळेच्या दहा मिनिटं आधी हजर. पोरगा दिवसभर पाण्यात डुंबून आधीच झोपला होता. सहावं ताट गेलं. आत लांबच लांब टेबलं, चकचकीत झाकणं, खाली निळ्या ज्योती. नावांच्या पाट्या अशा की कांदेपोह्यांनाही आपण कोण हे आठवू नये. मी हिशेबी माणूस. भात-पोळीनं पोट भरणं हा तोटा, महागाचं ते आधी खायचं, असं ठरवून पनीरपासून सुरुवात केली. भजी-पकोडे मात्र खारट, अगदी तहान लागेल असे. आणि पाण्याची बाटली पॅकेजात नव्हती. 19व्या शतकात अमेरिकेतल्या दारूच्या गुत्त्यांत एक पेला घेतला की जेवण फुकट असे, आणि ते मुद्दाम खारवलेलं असे, म्हणजे माणूस दुसरा पेला मागवतो, हे मी कुठंसं वाचलं होतं. अमेरिकन प्लान घेतल्याची खात्री मला तिथं पटली. चार बाटल्या घेतल्या.

इकडं माय टेबलाशी हात धुऊन बसून राहिली होती. पाच मिनिटं, दहा मिनिटं.

"माय, घे ना."

"कोनी वाढाले येत नाई का?"

"इथं आपलं आपन घ्यावं लागते."

"आपल्या हातानं? लगनात?"

"लगन नाई हाये हे."

"मंग एवढे लोकं कायले जेवून रायले?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माय उठली आणि रांगेत लागली. तिच्यापुढं धोतरातले एक म्हातारे गृहस्थ डाव हातात धरून वरणाकडे बघत होते. तेही बहुधा कुणीतरी वाढेल याचीच वाट पाहत असावेत. मायनं त्यांच्या हातातला डाव घेतला, टेबलाच्या पलीकडं गेली आणि त्यांना वाढलं. मग मागच्या बाईला. मग तिच्या पोराला. "इंका कोंचम," माय म्हणे, म्हणजे 'अजून थोडं'. तो माणूस नको म्हणे, माय वाढे. बघता बघता पनीरच्या टेबलापुढची रांग वरणाच्या टेबलाकडं वळली. व्यवस्थापक धावत आला, पण काय म्हणायचं ते त्याला सुचेना. वाढू नका म्हणण्याचा नियम कोणत्याच हॉटेलात लिहिलेला नसतो. तेवढ्यात मायनं तिथं कामाला असलेल्या टोपीवाल्या पोरीला विचारलं, "तू जेवली का वो माय?" तिचं जेवण सारं उरकल्यावर, रात्री अकरानंतर. मायनं व्यवस्थापकाकडं असं पाहिलं की तोच डाव घेऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, एकादशी आहे. कार्तिकी! माय एक केळ आणि चहा घेऊन बसली. साबुदाणा कोणत्याच पाटीखाली नव्हता. सातवं ताट गेलं. पोरानं मात्र रात्रीची कसर काढली : इडली, पुरी, डोसा, केक, पुन्हा इडली. मी कौतुकानं बघत होतो, की आमच्या घरात एकाला तरी नफ्याचं गणित कळलं. त्यानंतर तो हेलकावे खाणाऱ्या जहाजात बसला.

झुला आणि बुफे यांचं वैर आहे, हे जाहिरातीत कुणी लिहीत नाही. एक जे भरतो ते दुसरा हलवून बाहेर काढतो. भरल्या पोटी झुल्यात बसता येत नाही आणि रिकाम्या पोटी पॅकेज वसूल होत नाही. तिसऱ्या हेलकाव्याला पोरानं नाश्ता कंपनीला परत केला.

घरी आल्यावर मी फळ्यावर मांडावं तसं मांडलं. पंधरा ताटांचे पैसे, खाल्ली आठ. ताटाला चारशे. जहाजानं परत घेतलेलं वजा केलं तर सात, ताटाला चारशे सत्तावन्न. पाणी आणि सामोसे निराळे. कुणी विचारलं तर माझं उत्तर तयार आहे : जेवणासकट खोली घ्यायची की नाही, ते बिनजेवणाचं भाडं विचारून ठरवा. भागाकार करा, पण पंधरानं नाही, खरोखर खाल त्या ताटांनी करा. आणि पोरं लहान असली, म्हातारं माणूस उपासतापासाचं असलं, की ती संख्या निम्म्यावर धरा. फाटकाबाहेर टपरीवर इडली मिळत होती, चाळीस रुपयांना चार.

आता पिशवीचं सांगायचं राहिलं. निघताना पहारेकऱ्याकडं बिल्ला दिला. पिशवी फार हलकी लागली. उघडून पाहिलं तर भाकरी एकही नाही, ठेच्याचा डबा घासल्यासारखा स्वच्छ. पहारेकरी मान खाली घालून उभा. "अम्मा, रात्रपाळी होती. पच्चडी बागुंदी." चटणी छान होती म्हणाला.

मी तोंड उघडणार, तोच माय म्हणाली, "बरं झालं, बाप्पा. माही तं एकादस, वाया गेलं असतं. कांदे काहून ठेवले?" आणि कांदे त्याच्या हातात कोंबले. त्या अख्ख्या पार्कात ज्याला खरोखर फुकट जेवण मिळालं असा एकच माणूस होता, आणि तो आमचं जेवला होता.

गावात आल्यावर ओसरीवर बाया जमल्या. त्या अजून आपल्याच समजुतीत. "काय वो आजी, कशी हाये अमेरिका?"

माय पाय पसरून बसली. "मोठी हाये. पानी इकत भेटते. आपल्या हातानं वाढून घ्या लागते. पन मानसं चांगली हायेत तिथली. सारे तेलुगू बोलते."

हे मी भाच्याला कळवलं. तो म्हणाला, "मामा, आजी खरंच इथं येऊन गेली की काय?"