न बघता गाठ मारणाऱ्या श्रीमान पेस्ट यांस

श्री. पेस्ट,
मु. पो. युनिक्स

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, युनिक्सची एक आज्ञा म्हणून आपल्या उरकाचं कौतुक करावं तेवढं थोडंच. साध्या मजकुराच्या दोन फायली हाती पडताच आपण पहिलीची पहिली ओळ, दुसरीची पहिली ओळ, मध्ये एक टॅब असं करत शेवटपर्यंत जाऊन मोकळे! कोण कोणाशेजारी बसतंय, याची चौकशी आपल्या तत्त्वात बसत नाही. वधूवर मेळाव्यात समोरासमोरच्या रांगांमधून जो सापडेल त्याला जी सापडेल तिच्याशी जुळवत सुटलेला संयोजकच जणू.

वर्गाचा निकाल घ्या. एका फायलीत ४० मुलांचे क्रमांक आणि नावं, दुसरीत क्रमांक आणि गणिताचे गुण. क्रमांक १७ परीक्षेलाच आला नाही, म्हणून दुसरीत ३९ ओळी. आपण १८चे गुण १७ला बहाल करता, १९चे १८ला, आणि प्रामाणिकपणे पेपर लिहिलेल्या ४० क्रमांकाच्या मुलीपुढे कोरी जागा. ना हूं, ना चूं. उलट काम फत्ते झाल्याची खूण म्हणून शून्य परत करता! बरं, १७ आणि १८ हे दोन्ही आकडे एकाच ओळीत आपणच छापलेले असतात. मग आपले बंधू कट येतात आणि 'जादा' म्हणून दुसरा क्रमांकाचा रकाना छाटतात. पुरावाही गेला. घराणं मोठं एकदिलाचं.

तुमच्याच वाड्यातला जॉईन क्रमांक पाहून जोडतो. कटकट्या आहे खरा: दोन्ही याद्या आधी अक्षरांच्या क्रमाने लावून मागतो, म्हणजे १० आधी आणि २ नंतर, बिनजोडीची ओळ तर, ठेव म्हटल्याशिवाय, मुकाट गाळतो. पण एकाचे गुण दुसऱ्याला देत नाही.

आणि ऑक? आहो, वाइनबर्गर आणि कर्निगन यांनी १९७७मध्ये बेल लॅब्जमध्ये घडवलेला तो गडी दोन ओळींच्या स्क्रिप्टमध्ये सगळं निस्तरतो. गुणांची फाइल आधी वाचायची, प्रत्येक क्रमांकाखाली त्याचे गुण ठेवायचे; मग नावांची फाइल वाचत क्रमांक शोधायचा, सापडला तर गुण, नाही तर 'गैरहजर'. याद्या उलटसुलट असल्या तरी बिघडत नाही. आपल्याला एवढं विचारायचं कधी सुचलं नाही, कारण विचारणं हे आपलं खातंच नव्हे.

आपल्या टॅबबद्दल काय बोलावं! तो दर आठ घरांवर थांबतो. 'ओम'पुढचे गुण एका खांबात, 'ज्ञानेश्वरी'पुढचे भलत्याच.

कळावे, लोभ आवरता घ्यावा.

आपला,
एक निकाल लावणारा

ता. क. नावांची फाइल विंडोजवर तयार झालेली असली, तर ओळीअखेरचं कॅरेज रिटर्नही आपण इमानाने मधोमध जपता. कर्सर ओळीच्या सुरुवातीला परततो, आणि लांब नाव असलं की गुण त्याच्या उरावर छापले जातात. इथे निदान काही बिघडलंय हे दिसतं तरी. आभारी आहे.