मा. आयत्या वेळच्या विषयास

प्रति,
मा. आयत्या वेळचा विषय,
विषयपत्रिकेतला शेवटचा क्रमांक,
नगरपरिषद सभागृह, पहिला मजला.

विषय : आपणच.
संदर्भ : आपल्याला तो कधी लागला नाही.

महोदय,

सा. न. वि. वि.

मी नगरपरिषदेचा सेवानिवृत्त सभा लिपिक. नोकरीभर सभांची इतिवृत्तं लिहिली, म्हणजे एका परीने आपलं चरित्रच लिहिलं म्हणा ना. बाकीच्या विषयांची गाठ विषयपत्रिकेवर पडायची, आपली मात्र सभा संपताना, तीही अर्धवट उभ्याने. ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयांवर विचारविनिमय करणे’ ही ओळ अजूनही मला झोपेतून उठवून विचारली तरी बिनचूक सांगेन. गावाचं नाव लिहीत नाही. राज्यातल्या कुठल्याही छोट्या नगरपरिषदेच्या आवक टेबलावर हे पत्र टाकलं तरी ते आपल्याला मिळेल.

आधी अभिनंदन. २ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं, निकाल २१ डिसेंबरपर्यंत लांबला, मधल्या काळात चहाच्या टपऱ्यांवर पैजा लागल्या, आणि शेवटी एकदाचे सभागृहाला सभासद मिळाले. मुदत संपायच्या आत निवडणूक उरकावी असं संविधानाच्या २४३-यू कलमात लिहिलेलं आहे. आपल्याकडे आरक्षण, प्रभागरचना आणि न्यायालयातल्या तारखा यांतून वाट काढत ती चार वर्षं उशिरा आली. घरपट्टी थकली तर महिन्याला दोन टक्के शास्ती लागते. निवडणूक थकली तर कुणाला काय लागतं, हे मला कुठल्याच परिपत्रकात सापडलं नाही.

ती चार वर्षं आपल्याला अवघड गेली असतील. सभाच नाही, तर सभेचा शेवट कुठला? माझ्या नोकरीची शेवटची वर्षं त्याच प्रशासकाच्या राजवटीत गेली, म्हणून सांगतो. मुख्याधिकारी हेच प्रशासक. मुख्याधिकारी म्हणून साहेब टिपणीखाली ‘मान्यतेस्तव सादर’ लिहायचे. मग तीच टिपणी त्याच टेबलावर, त्याच चष्म्यातून, प्रशासक म्हणून वाचायचे आणि ‘मान्य’ लिहायचे. सही एक, शिक्के दोन, शाईचं पॅडही एकच. एखाद्या दिवशी तरी प्रशासक मुख्याधिकाऱ्यांच्या टिपणीवर ‘चर्चा करावी’ असा शेरा मारतील अशी मला आशा होती. पण दोघांचं फारच पटायचं.

आता सभागृह भरलं आहे. थेट जनतेतून आलेले नगराध्यक्ष आहेत. (ते जनतेतून यावेत की नगरसेवकांतून, याबद्दल सरकारने २०१६ मध्ये एक, २०२० मध्ये दुसरं आणि २०२२ मध्ये पुन्हा पहिलं मत दिलं. आपल्याला त्याने काही फरक पडला नाही. आपल्याला अध्यक्षांची परवानगी लागते, ते कुठून आले याची चौकशी आपण कधी केली नाहीत.) स्वीकृत सदस्य झाले, विषय समित्या झाल्या, आणि खुर्च्यांची कव्हरंही धुऊन झाली. यापुढे सर्वसाधारण सभेची नोटीस सात दिवस आधी निघेल, प्रत्येक सभासदाला घरपोच जाईल, शिपाई पोच घेऊन येईल. त्या नोटिशीत सगळे विषय असतील. आपण सोडून.

नव्या सभासदांना आपला परिचय नाही, म्हणून एका सभेचं वर्णन करतो. सभा अकराची, गणपूर्ती साडेअकराला. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. ते वाचत कोणी नाही, पण कायम होतं. मग टीसीएल पावडर आणि तुरटीची खरेदी. यावर वीस मिनिटं, कारण दर किलोमागे दोन रुपये जास्त का, हे प्रत्येकाला कळतं आणि म्हणून प्रत्येकाला बोलता येतं. घंटागाडीच्या ठेक्याला मुदतवाढ. आठवडी बाजाराच्या वसुलीचा लिलाव. मोकाट कुत्री. पुढे बसस्टँडजवळच्या चौकाला नाव देण्याचा विषय, त्यावर तास. तीन नावं, तीन गट, दोन बहिष्कार आणि एक माइक तुटलेला. तोवर बश्या येतात. बशीत वेफर्स, एक पेढा आणि मोजून चार काजू. बशी आली की सभागृहाचं लक्ष विषयपत्रिकेवरून उतरतं, आणि नेमक्या त्याच वेळी अध्यक्ष विचारतात, “आयत्या वेळचे काही?”

मुख्याधिकारी मोबाईलकडे बघतात. बांधकाम अभियंता फायलीची गाठ सोडतो. आणि शेवटच्या रांगेतून आवाज येतो, “मंजूर!”

विषय अजून कोणी सांगितलेला नसतो.

पुढची जबाबदारी सभा लिपिकावर. त्याला कानात सांगितलं जातं, “प्रोसिडिंगला दोन पानं मोकळी ठेवा.” सभा मंगळवारी संपते, आपला तपशील शुक्रवारपर्यंत येत राहतो. कुठला रस्ता, कुठपासून कुठपर्यंत, कुठल्या लेखाशीर्षातून, सूचक कोण, अनुमोदक कोण. शेवटी ‘सर्वानुमते मंजूर’. त्या वेळी जिना उतरून स्कूटरला किक मारत असलेला सभासदही त्या सर्वांत असतो. कायद्यात यावर उपाय नाही असं नाही. एखादा चिडलेला सभासद १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाचं कलम ३०८ काढून जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, ठरावाला स्थगिती मागतो. स्थगिती आलीच, तर ती येईपर्यंत पेव्हर ब्लॉक बसलेले असतात, आणि बसलेले पेव्हर ब्लॉक कोणी स्थगित करत नाही.

पण रस्ते आणि ब्लॉक ही आपली किरकोळ कामं. आपला खरा हात मी एकदाच पाहिला, तो क्रीडांगणाच्या वेळी.

गावाच्या विकास आराखड्यात एका जमिनीवर क्रीडांगणाचं आरक्षण होतं. आराखडा मंजूर होऊन दहा वर्षं उलटली आणि जमीन घेतली गेली नाही, की मालकाला महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना (एमआरटीपी) कायदा १९६६ च्या कलम १२७ खाली खरेदी सूचना देता येते. घ्या, नाहीतर सोडा. तिथून नगरपरिषदेला चोवीस महिने. त्यात भूसंपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत, जमीन मोकळी. म्हणजे इथे निर्णय घ्यावा लागत नाही. निर्णय न घेणं हाच निर्णय, आणि त्याला फक्त वेळ द्यावा लागतो.

सूचना आली, आवक क्रमांक पडला. नगररचनेकडून बांधकामाकडे, बांधकामाकडून लेखापालाकडे, ‘निधीच्या उपलब्धतेबाबत अभिप्राय द्यावा’. लेखापालांचा अभिप्राय पाच शब्दांचा होता, पण तो यायला पावसाळा गेला. मग विषयपत्रिकेवर विषय क्रमांक नऊ म्हणून आला. तहकूब, कारण नकाशा जोडला नव्हता. पुढच्या सभेला नकाशा होता, गणपूर्ती नव्हती. त्याच्या पुढच्या सभेला दोन्ही होतं, पण चौकाच्या नावावरून सभा उधळली. असे महिने सरत गेले, आणि मुदत संपायला आली तेव्हा आपण उगवलात. चार ओळींचा ठराव. निधीअभावी भूसंपादन शक्य नाही, वस्तुस्थिती शासनास कळवावी.

त्याच वर्षी वेशीवर कमान झाली. तलावाकाठी गावाच्या नावापुढे लाल बदाम लावलेली सेल्फीची जागा झाली. त्यांना निधी कुठून, असं मी लेखापालांना विचारलं. ते म्हणाले, “तो वैशिष्ट्यपूर्ण कामांचा, तो इकडे वापरता येत नाही.” खरं होतं त्यांचं. एका लेखाशीर्षाचा पैसा दुसऱ्यावर टाकला की लेखापरीक्षणात वसुली निघते. कमानीला वर पैसा आहे, मैदानाला नाही, ही आपली चूक नव्हे. आपण फक्त त्याची सोय बघितलीत. तिथे नगरपरिषदेचा पत्र्याचा बोर्ड होता, ‘क्रीडांगणासाठी आरक्षित, अतिक्रमण करू नये’. तो पत्रा वाया गेला नाही. उलटा करून त्यावर एन.ए. प्लॉटची जाहिरात रंगवली आहे. मागून बघितलं तर जुनी अक्षरं अजून वाचता येतात.

आपल्यावर सरसकट आरोप करावेत असा माझा हेतू नाही. कधी कधी आपण खरेच घाईत असता. मुख्य जलवाहिनी फुटली की ती सात दिवसांच्या नोटिशीची वाट बघत नाही. पण त्यासाठी नगरपरिषद अधिनियमात कलम ५८(२) आहे, अध्यक्ष काम सुरू करून मग सभेला सांगू शकतात. आणि शासनाचंही बघायला हवं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात निधी वितरणाचा आदेश येणार आणि वर्ष संपायच्या आत कार्यारंभ आदेश हवा असणार, तर बिचारी नगरपरिषद आपल्याला नाही बोलावणार तर कोणाला? मुंबईतली घाई तालुक्यात पोचेपर्यंत तिचा आयत्या वेळचा विषय होतो. एवढं मी आपल्या बाजूने कुठेही लिहून द्यायला तयार आहे.

माझी अडचण वेगळी आहे, आणि ती विरोधाच्या रकान्याची आहे. पुणे नगरपालिकेत १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चाचा प्रस्ताव आला. जोतीराव फुले तेव्हा सभासद होते. हे पैसे गरिबांच्या शिक्षणाला लावा, असं म्हणून त्यांनी एकट्याने विरोधात मत दिलं. खर्च व्हायचा तो झाला. पण तो एकटा विरोध आज दीडशे वर्षं होत आली तरी सांगितला जातो, कारण खर्च कशावर आहे, किती आहे आणि पाहुणा कोण आहे हे मत देणाऱ्याला ठाऊक होतं. आपल्यासमोर जोतीराव जरी बसले असते, तरी पेढा हातात असताना त्यांनी कशाला विरोध नोंदवला असता? मी लिहिलेल्या इतिवृत्तांत तुरटीला विरोध आहे, कुत्र्यांना आहे, चौकाच्या नावाला तर लेखी आहे. आपल्यापुढचा रकाना कोरा.

आता विनंती.

आमच्या गल्लीत एक गटार आहे, आणि ती विषय क्रमांक अकरा आहे. म्हणजे गल्लीतला प्रत्येक जण तिला आता ‘अकरा नंबर’ म्हणूनच ओळखतो. एका बाजूला उतार कमी, पुढच्या कोपऱ्यावर मोरी चोंदलेली. एक दिवसाआड नळाला पाणी येतं. त्या दिवशी सगळ्या घरांची धुणी एकदम निघतात आणि सांडपाणी उलटं फिरून ओट्यावर येतं. बायकांनी शहाबादी फरशीचे तुकडे टाकून पायवाट केली आहे. वॉलमन मला ओळखतो, म्हणून पाणी सोडायच्या आधी हाक मारून सांगतो, “काका, चपला उचला.”

या गटारीचं अंदाजपत्रक आहे. तांत्रिक मान्यता आहे. नकाशा आहे, फोटो आहेत, प्रभागातल्या रहिवाशांच्या सह्या आहेत. आणि तिथेच तिचं नशीब फुटलं. कागद पूर्ण असल्यामुळे त्यात त्रुटी काढता येते. एकदा दरसूची जुनी निघाली, एकदा लांबीत अर्ध्या मीटरचा फरक निघाला, एकदा सहीखाली दिनांक नव्हता. आपल्याकडे कागदच नसतो, त्यामुळे आपल्यात कोणी त्रुटी काढू शकलेलं नाही.

तरी येत्या सर्वसाधारण सभेत आपण नेहमीप्रमाणे याल, तेव्हा या गटारीला आपल्याबरोबर आत घ्यावं. तिने अंदाजपत्रक बाहेर ठेवून यायचं मान्य केलं आहे. सूचक, अनुमोदक शुक्रवारपर्यंत बघू. प्रोसिडिंगला अर्धं पान पुरे, ती लहान आहे.

कळावे,

आपला,
(सही)
सेवानिवृत्त सभा लिपिक

प्रत माहितीसाठी :
१. विषय क्रमांक अकरा, मु. आमची गल्ली. नव्या दरसूचीप्रमाणे टिपणी टाइप करून ठेवली आहे, दिनांक तेवढा मोकळा सोडला आहे.
२. मा. लेखापाल. गटार वैशिष्ट्यपूर्ण आहे किंवा कसे, याबाबत अभिप्राय द्यावा. पावसाळ्यापूर्वी.
३. मा. सदस्य, शेवटची रांग. मागील सभेत आपण कशाला ‘मंजूर’ म्हणालात, ते इतिवृत्तात पाहावयास मिळेल. शुक्रवारनंतर यावे.