आधी सगळं उचला

घरात नवा कॉम्प्युटर आला की जुन्या लॅपटॉपमधला ऐवज त्यात न्यायचा प्रश्न उभा राहतो, आणि प्रश्न उभा राहिला की सल्लागार बसल्या जागी तयार होतात. पेनड्राइव्ह घ्यावा, केबल लावावी की ऑफिसातल्या एखाद्या हुशार मुलाला चहाला बोलवावं, यावर त्यांचं कधी एकमत होत नाही. एका गोष्टीवर मात्र होतं: ‘आधी जरा निवडून घ्या, कचरा कशाला न्यायचा?’ हे वाक्य ऐकायला इतकं शहाणं आहे की त्याला कुणी विरोध करत नाही. माझा आहे. फाइली हलवताना निवड करू नये. जे आहे ते, जिथे आहे तिथून, जसं आहे तसं, गुड मॉर्निंगच्या गुलाबांसकट उचलावं, असं माझं ठाम मत आहे. नीटनेटक्या माणसांना हे ऐकवणार नाही, पण हिशोब माझ्या बाजूने आहे.

तो हिशोब असा. जुन्या साध्या लॅपटॉपमध्ये 500 जीबीची हार्डडिस्क असते. ती काठोकाठ भरली आहे असं धरू. यूएसबी 2.0 च्या पोर्टातून सेकंदाला साधारण 35 एमबी जातात, म्हणजे अख्खी डिस्क चार तासांत पलीकडे. पोर्टाच्या आतली पट्टी निळी असेल तर तो बहुधा यूएसबी 3.0, मग काम दोन तासांच्या आसपास. बारीकसारीक फाइली हजारोंनी असतील तर वेळ वाढतो, कारण डिस्कला प्रत्येकीसाठी वेगळं धावावं लागतं. म्हणूनच मोठा व्हिडिओ चालू असताना ‘5 मिनिटं राहिली’ म्हणणारी खिडकी बारक्या फाइली लागल्या की ‘2 तास’ म्हणते. तरी दुप्पट धरा, आठ तास. हे तास यंत्राचे आहेत, तुम्ही त्या वेळात झोपू शकता. आता निवडीचा खर्च बघा. डिस्कवर फोटो, पावत्या, बायोडेटा मिळून चाळीस हजार फाइली आहेत आणि प्रत्येकीचा निकाल दहा सेकंदांत लागतो असं मानलं, तर 111 तास होतात. रोज आठ तास म्हटलं तरी चौदा दिवसांची बिनपगारी नोकरी झाली. आणि दहा सेकंद हा आकडा फार उदार आहे. ‘अगं, हे बघ, यात काकांना केस आहेत!’ या एका फोटोत दुपार जाते.

बरं, एवढा वेळ घालवून निवड तरी बरोबर होते का? निवडणारा नावावरून फाइलीची किंमत करतो, आणि आपल्याकडे फाइलींची नावं ठेवण्याची रीत कशी आहे ते कुठल्याही घरात बघून घ्यावं. ‘न्यू फोल्डर’, त्याच्या पोटात ‘न्यू फोल्डर (2)’ आणि त्याच्या पोटात सातबाऱ्याचं स्कॅन. ‘अत्यंत महत्त्वाचे’ या फोल्डरात मात्र 2014 सालचं रेल्वेचं तिकीट आणि दोन रिंगटोन. टॅलीवर हिशोब ठेवणाऱ्या दुकानदाराची अख्खी वही ‘10000’ असल्या पाच आकडी नावाच्या फोल्डरात असते. निवडायला बसलेल्या भाच्याला तो आकडा म्हणजे कॉम्प्युटरने घातलेला काहीतरी घोळ वाटतो, आणि तो घोळ निस्तरतो. मग मार्चअखेरीला मामा भाच्याला शोधत हिंडतो.

फोटोंची तऱ्हा याहून वाईट. कॅमेरा फोटोला चार आकडी क्रमांक देतो. 9999 झाले की पुन्हा 0001. त्यामुळे एका वर्षीच्या गणपतीतला आणि पुढच्या कधीतरीच्या बारशातला, असे दोन फोटो एकाच नावाने वेगवेगळ्या फोल्डरांत गुण्यागोविंदाने नांदत असतात. व्यवस्थितपणाचा झटका आलेला माणूस ठरवतो, की सगळे फोटो एकाच फोल्डरात आणू. विंडोज बिचारं विचारतं, की या नावाच्या 412 फाइली इथे आधीच आहेत. बदलू, वगळू, की एकेक तपासून सांगता? रात्रीचे अकरा वाजलेले असतात. त्या वेळी 412 फाइली एकेक तपासणारा माणूस अजून जन्मायचा आहे. एका टिचकीत गणपतीचं विसर्जन होतं आणि बारसं तेवढं उरतं. जुनी मांडणी तशीच उचलली असती तर हा प्रश्नच आला नसता.

यावर पहिला आक्षेप असा, की कचरा नेला तर नवा कॉम्प्युटरही मंद होईल. डिस्क अगदी गच्च झाली तर तक्रार मान्य, पण नुसत्या पडून राहिलेल्या फाइली कॉम्प्युटरला मंद करत नाहीत. ते पाप सुरू होतानाच आपोआप जागे होणाऱ्या प्रोग्रॅमांचं. दुसरा आक्षेप व्हायरसचा, आणि तो खरा आहे. झेरॉक्सच्या दुकानात आणि सायबर कॅफेत फिरलेल्या पेनड्राइव्हातून आलेली, सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट करून ठेवणारी कीड जुन्या लॅपटॉपात अजून दबा धरून असू शकते. पण तिच्यावर इलाज अँटिव्हायरसने स्कॅन करणं हा आहे. डोळ्यांनी निवडून कीड सापडत असती तर ती मुळात शिरलीच नसती. तिसरे क्लाउडवाले. ते म्हणतात, हलवायचं कशाला, सगळं वर टाका. गूगल फोटोजची फुकट अमर्याद सोय 1 जून 2021 पासून बंद झाली आणि नवे फोटो मेलसकट 15 जीबीच्या हिशोबात धरले जाऊ लागले, एवढं त्यांना आठवून द्यावं. चौथा आक्षेप गृहकृत्यदक्ष आहे: ‘मग हे आवरणार कधी?’ कधीच नाही. हवी ती फाइल शोधचौकटीत नाव टाकून किंवा तारखेवरून शोधायची. तारीख मात्र ‘मॉडिफाइड’ची बघा. कॉपी झालेल्या फाइलीची जन्मतारीख आजची लागते आणि शेवटच्या बदलाची जुनीच राहते, म्हणजे कागदोपत्री ती जन्माच्या आधी सुधारलेली असते.

सगळं उचला म्हटलं तरी दोन-तीन ठिकाणी नुसतं उचलून भागत नाही, हे सांगायला हवं. प्रोग्रॅमचा फोल्डर उचलून आणला तर तो बहुधा चालत नाही, नव्याने इन्स्टॉल करावा लागतो. लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हात जात नसेल, तर जागा मोजत बसू नका आणि त्याहून मोठा पेनड्राइव्हही आणू नका. जुन्या फॅट32 पद्धतीच्या ड्राइव्हात 4 जीबीची एकसंध फाइल मावत नाही, आत कितीही मोकळं असो. ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, आतलं सगळं पुसलं जाईल हे लक्षात ठेवून. तिसरी अडचण खास आपली. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे, तरी त्यानंतरही कित्येक वर्षं मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांत टाइप होत राहिला. त्या फाइलींत आत इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेत असतात, त्यांच्यावर मराठीचा पेहराव चढवतो तो फॉन्ट. फाइल आली आणि फॉन्ट मागे राहिला, की आजोबांनी खपून लिहिलेला कुळाचा इतिहास कंसांनी आणि अर्धविरामांनी भरलेली शिवी वाटू लागतो. फाइल शाबूत असते, एक टिंबही हललेलं नसतं. निवडणारा मात्र ‘करप्ट आहे’ असा शेरा मारून तिला टोपलीत धाडतो. तेव्हा सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरातला फॉन्ट्सचा फोल्डरही बरोबर घ्या. नंतर सवडीने मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेता येतो.

डेस्कटॉपवरची बाण असलेली चित्रं नेऊन उपयोग नाही, ते नुसते पत्ते आहेत; मूळ फाइल शोधून न्या. कट करू नका, कॉपी करा. झालं की दोन्हीकडच्या फोल्डरांच्या प्रॉपर्टीज उघडून फाइलींची संख्या ताडून बघा, चार-दोन फाइली उघडून बघा, आणि जुना लॅपटॉप महिनाभर तरी कुणाला देऊ नका. रात्री काम लावण्याआधी त्याची स्लीप बंद करून चार्जर जोडा, कारण बॅटरी केव्हाच गेलेली असणार. आणि सकाळी कुणी त्या प्लगवर इस्त्री लावणार नाही, एवढं घरात आधी सांगून ठेवा.