आपला बंड्या एडिसनला

अमेरिकेचा व्हिसा हातात पडला की आपल्याकडे नात्यांना पालवी फुटते. एरवी लग्नाच्या पत्रिकेवर ज्याचं नाव घालायचं राहून जातं, तो मावससासूबाईंच्या जावेचा धाकटा एकाएकी ‘आपला बंड्या’ होतो. कारण तो न्यू जर्सीत एडिसनला राहतो आणि मॅनहॅटनमधली हॉटेलं परवडत नाहीत. २३ किलोंच्या बॅगेत निम्मी जागा भाजणी, मेतकूट आणि गोड्या मसाल्याला. (ओक ट्री रोडवर हे सगळं मिळतं, हे बंड्याची बायको मोठ्या मनाने सांगत नाही.)

यजमानही काही कच्चे नसतात. घर दाखवायला सुरुवात तळघरापासून. तिथे ट्रेडमिलवर टॉवेल वाळत असतात. मग सूचना. ताटं आधी विसळायची, मगच डिशवॉशरमध्ये. आंघोळीच्या वेळी पडदा टबाच्या आत, बाहेर थेंब सांडता कामा नये. नायगाऱ्याचा विषय निघाला की बंड्या घाईने म्हणतो, “काका, सात तासांचं ड्रायव्हिंग आहे. बसची तिकिटं काढून देतो ना!”

निघताना काकू गहिवरतात, “आता तुम्ही यायचं हं पुण्याला!”

बंड्या दर दोन वर्षांनी पुण्याला येतोच. हॉटेलात उतरतो, आणि परतताना विमानतळावरून फोन करतो.