चहापूड कुठे आहे, डिझायनरसाहेब?



हर्णैजवळचं आमचं घर तुम्ही विसरला नसाल. तुमच्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर त्याच्या स्वयंपाकघराचा फोटो आहे. पांढरीशुभ्र भिंत, एकही मूठ नाही, एकही डबा नाही, ओट्यावर तीन लिंबं. त्या फोटोपायी आमच्या घराचं काय झालं, ते आज चारचौघांत सांगते.

गेल्या डिसेंबरात माझ्या यजमानांच्या आत्या राहायला आल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. पहाटे साडेपाचला उठायचं आणि आपला चहा आपण करून घ्यायचा, ही त्यांची आयुष्यभराची सवय. पावणेसातला मी बाहेर आले तर त्या अंधाऱ्या पडवीत शाल गुंडाळून बसलेल्या. "चहापूड सापडली नाही गं. म्हटलं, तुला कशाला उठवा?" तुमच्या भिंतीला एकोणीस दारं होती, सगळी एकसारखी, दाबली की उघडणारी. आत्यांनी सात-आठ दाबून पाहिली. एकामागे फ्रिज निघाला, एकामागे नळाचे पाइप. साखर मिळाली तर पातेलं मिळेना. माझ्या घरी आलेली वडीलधारी बाई सव्वा तास चहावाचून बसून राहिली, याचा राग मला अजून आहे, आणि तो तुमच्यावर आहे.

पहिल्याच भेटीत आम्ही तुम्हाला सांगितलं होतं की हे घर अर्धं वर्ष भाड्याने जाणार आणि उरलेलं नातेवाइकांचं. दर चार दिवसांनी ओट्यापाशी नवा माणूस उभा राहणार. स्वतःच्या घरात हाताला सवय असते, अंधारातही मिठाचा डबा सापडतो. पाहुण्याकडे फक्त डोळे असतात. त्याला लायटर, पातेलं, गाळणं, सांडशी, कप आणि चहा-साखरेच्या बरण्या शेगडीपासून हातभर अंतरावर, उघड्या फळीवर दिसायला हव्यात. एवढं जमवलं असतंत तर बाकीचं सामान तुम्ही कुठेही ठेवलेलं चाललं असतं. तुम्ही नेमकं तेच दडवलंत.

"युरोपात असंच असतं," असं तुम्ही म्हणाला होतात. मग त्याच युरोपातलं 1926 चं फ्रँकफुर्ट किचन बघा. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या वास्तुविशारद बाईंनी ते आखलं. खोली जेमतेम सहा फूट बाय अकरा फूट. तांदूळ, साखर, डाळी यांसाठी अॅल्युमिनियमचे छोटे खण, प्रत्येकाला धरायला मूठ आणि प्रत्येकावर आतल्या जिन्नसाचं नाव. पिठाचा खण मात्र ओक लाकडाचा, कारण त्या लाकडामुळे अळ्या पिठापासून दूर राहतात. ज्या बाईचे हात त्या खोलीत राबणार होते, तिची पावलं मोजून ते काम झालं होतं. तुम्ही आमच्या कोणाचं पाऊल मोजलंत? घर सांभाळणाऱ्या वहिनींची उंची पाच फुटांच्या आत आहे, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं होतंत. ताटं तुम्ही सात फुटांवर ठेवलीत.

आता गॅसबद्दल. तुम्हाला तो नकोच होता, नुसतं इंडक्शन पुरेल म्हणालात. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली तालुक्यात किती दिवस वीज नव्हती, हे इथल्या कुठल्याही घरात विचारलं असतंत तर कळलं असतं. आम्ही हट्ट धरला म्हणून शेगडी आली, पण सिलिंडर दिसू नये म्हणून तुम्ही तो ओट्याखाली चारही बाजूंनी बंद कपाटात घातलात. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली साठतो. अशा कपाटाला तळाशी जाळी लागते, हे गावातला गॅसवालाही सांगतो. तुमच्या कपाटाला सुईएवढंही भोक नव्हतं, आणि रेग्युलेटरपर्यंत हात न्यायचा तर आधी भांड्यांची जाळी उपसून काढायची! भाड्याने आलेल्या कुटुंबातल्या आईने लहान मुलं घरात असताना ते कसं बंद करावं? एका सकाळी वहिनींना वास आला, त्यांनी खिडक्या-दारं उघडली, म्हणून मी हे पत्र नुसतं रागाने लिहिते आहे. नाहीतर कशाने लिहिलं असतं, याचा विचारही करवत नाही.

समुद्र घरापासून दोनशे पावलांवर. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. अशा जागी तुम्ही भुशाचे दाबलेले बोर्ड लावलेत. पहिल्याच पावसाळ्यात ते पुऱ्यांसारखे फुगले आणि खणांचे चॅनेल गंजून अडकले. मरीन प्लाय मिळतो, 316 प्रतीचं स्टील मिळतं, जांभ्याच्या भिंतीत कडाप्प्याच्या फळ्या तर आमच्या आजेसासऱ्यांनीही बसवल्या होत्या. त्या तुम्ही फोडून टाकल्यात.

आणि मागल्या दाराची मोरी! हे मला सर्वांत लागलं. हर्णैच्या लिलावातून लोक हौसेने सुरमई, बांगडे आणतात. पूर्वी ते मागच्या पडवीत, नळाखाली, विळीवर साफ व्हायचे आणि घरात यायचे ते धुतलेले तुकडे. स्वयंपाकघर निव्वळ शाकाहारी पाहुण्यालाही चालायचं. तुम्ही मोरी बुजवून तिथे झाडांच्या कुंड्या ठेवल्यात. मग एकाच सिंकमध्ये मासळीही आणि कोथिंबीरही. कोणाला तरी संकोच वाटायचाच, आणि तो सोसायची पाळी पाहुण्यावर यायची.

शेवटी गावातल्या सुतारांना बोलावलं. वरची दारं उतरली, खालच्या खणांना पितळी मुठी बसल्या, सिलिंडर बाहेर जाळीच्या कपाटात गेला. मोरी परत खणली तेव्हा जुनी फरशी खाली तशीच सापडली. दिवाळीत आत्या येणार आहेत. चहापूड शेगडीच्या उजव्या हाताला, काचेच्या बरणीत आहे.

तेवढा तो फोटो माहितीपत्रकातून काढा. ते स्वयंपाकघर आता तिथे नाही.