आधी दर लिहून द्या

ट्रकमालकाला इंधनावर प्रवचन देणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. डिझेल काळं, गॅस स्वच्छ. डिझेल महाग, गॅस स्वस्त. मग हा गृहस्थ अजून डिझेलच का जाळतो? त्याला शिकवा, त्याचं प्रबोधन करा, त्याच्यासाठी मेळावे भरवा.

काही गरज नाही. कळंबोलीतल्या कुठल्याही ट्रान्सपोर्टरला विचारा, तो तोंडी हिशेब करून दाखवेल. त्याला गॅसचं वावडं नाही. गॅसचा पुढच्या वर्षीचा दर त्याला कुणी सांगत नाही, एवढंच त्याचं म्हणणं आहे. आणि ते शंभर टक्के बरोबर आहे.

२०२२ साल आठवा. १ एप्रिलला महाराष्ट्र सरकारनं नैसर्गिक वायूवरचा व्हॅट १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला. मुंबईत सीएनजी किलोला ६० रुपयांवर उतरला. चांगला निर्णय होता. पण त्याच दिवशी केंद्रानं ठरवलेला देशी गॅसचा दर दहा लाख ब्रिटिश थर्मल युनिटला २.९० डॉलरवरून ६.१० डॉलरवर गेला. युक्रेनच्या युद्धामुळे आयात गॅसही भडकला होता. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मुंबईत सीएनजी ८६ रुपये किलो झाला. चार महिन्यांत २६ रुपये! डिझेलचं काय झालं? एप्रिल २०२२ पासून मार्च २०२४ पर्यंत तेल कंपन्यांनी पंपावरचा दर जागचा हलवला नाही. फरक पडला तो फक्त केंद्रानं आणि राज्यानं कर कमी केला तेव्हा.

आता ट्रकमालकाच्या खुर्चीत बसून बघा. समजा, भरलेली गाडी डिझेलवर लिटरला चार किलोमीटर जाते. हजार किलोमीटरला २५० लिटर लागतं. डिझेल सोयीसाठी ९४ रुपयेच धरलं, तर २३,५०० रुपये झाले. तेवढ्याच अंतराला गॅस २१० किलो धरा. ६० च्या दरानं १२,६०० रुपये, म्हणजे १०,९०० वाचले. ८६ च्या दरानं १८,०६० रुपये, म्हणजे वाचले फक्त ५,४४०. चार महिन्यांत बचत निम्म्यावर! गॅसची गाडी घेताना जादा मोजलेल्या लाखांचा हप्ता मात्र तेवढाच राहिला. फायनान्स कंपनी युक्रेनचं कारण ऐकून घेत नाही. भाडं देणारी पार्टीही ऐकून घेत नाही.

ज्याच्या पन्नास गाड्या आहेत, तो हा मार सोसतो. ज्याच्या दोन आहेत, त्याची एक ओढून नेली जाते. आपल्याकडचे बहुतेक ट्रक असल्याच लहान मालकांचे आहेत.

दुसरी गोष्ट पंपांची. नोव्हेंबर २०२० मध्ये तेव्हाचे पेट्रोलियममंत्री धर्मेंद्र प्रधान यांनी पहिल्या ५० एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) स्टेशनांची पायाभरणी केली आणि तीन वर्षांत हजार स्टेशनं उभी करण्याचं जाहीर केलं. जुलै २०२१ मध्ये नागपुरात नितीन गडकरींच्या हस्ते खासगी एलएनजी पंप सुरू झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये चाकणला एलएनजी ट्रकचा कारखाना उभा राहिला. ट्रक तयार होता, इंजिन तयार होतं, माणसं तयार होती. आणि तीन वर्षं उलटली तेव्हा हजार सोडाच, पंपांनी शंभरीही गाठली नव्हती. ट्रकवाल्यानं भरवसा ठेवायचा कुणावर? डिझेल आडगावातही मिळतं. भाडं इंदूरचं मिळो की हुबळीचं, तो निघतो. गॅसच्या गाडीला आधी नकाशा बघावा लागतो. परतीचा माल आडवाटेचा असला तर तो सोडून द्यावा लागतो, आणि रिकामी गाडी आणणं कुठल्याही इंधनावर परवडत नाही.

‘गॅस’ म्हणून सगळं एकाच पोत्यात भरू नका. सीएनजी म्हणजे दोनशे बारच्या आसपास दाबलेला वायू. तो पोलादी सिलिंडरांत भरतात. सिलिंडर जड, आणि त्यांचं जेवढं वजन तेवढा माल कमी. मुंबई-पुणे, भिवंडी-नाशिक अशा ठरलेल्या फेऱ्यांना तो ठीक आहे. लांबच्या अवजड गाडीला एलएनजीच हवा. हा वायू उणे १६२ अंशांपर्यंत गार करून द्रव केलेला असतो आणि त्याची जागा सुमारे सहाशेपट कमी होते. तो भरताना बघा. भरणाऱ्याच्या हातात जाड मोजे, तोंडावर पारदर्शक ढाल. नळीच्या तोंडावर बर्फ धरतो, भोवती पांढरी वाफ उठते. घरच्या सिलिंडरला असतो तसा वास याला नसतो, कारण वासाचं रसायन इतक्या थंडीत गोठून जाईल. म्हणून गळती नाकाला कळत नाही, ती ओळखायला यंत्र लागतं. गाडी बरेच दिवस उभी राहिली, तर टाकीतला द्रव उकळत राहतो, दाब वाढतो आणि शेवटी झडपेतून वायू बाहेर सोडावा लागतो. म्हणजे ही गाडी रोज धावणाऱ्याची आहे. महिन्यातले दहा दिवस लोडची वाट बघत उभं राहणाऱ्याच्या गळ्यात ती मारू नका.

मग गॅस सोडून द्यायचा का? अजिबात नाही. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातल्या वाहनांत ट्रक अवघे ३ टक्के आहेत, पण वाहनांतून निघणाऱ्या सूक्ष्म कणांपैकी ५३ टक्के तेच ओकतात. डिझेलच्या धुरानं कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ मध्येच जाहीर केलं. खंडाळ्याच्या घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चढणाऱ्या जुन्या ट्रकांच्या मागे तासभर अडकलेला ड्रायव्हर तो धूर रोज छातीत भरून घेतो. गॅसच्या इंजिनातून कण फारच कमी निघतात, आवाजही कमी होतो. या माणसासाठी एवढं कारण पुरेसं आहे.

मात्र गॅस भरला म्हणजे हवामान वाचलं, असंही कुणी सांगू नये. न जळता निसटलेला मिथेन, म्हणजे याच वायूचा मुख्य घटक, पहिल्या वीस वर्षांत कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट ऊब धरतो. पंपावर, टाकीत, इंजिनात थोडी थोडी गळती झाली तरी कमावलेलं सगळं गमावलं. ही गळती मोजलीच पाहिजे आणि आकडे लोकांपुढे ठेवलेच पाहिजेत.

चीनकडे बघा. २०२२ मध्ये गॅस महागला आणि तिथली एलएनजी ट्रकची विक्री कोसळली. २०२३ मध्ये गॅस डिझेलच्या मानानं बराच स्वस्त झाला, आणि एका वर्षात दीड लाखाच्या आसपास एलएनजी ट्रक खपले. ट्रकवाले तेच, रस्ते तेच, बदलला तो दरातला फरक. अमेरिकेतही २००८ मध्ये टी. बून पिकन्स या तेलसम्राटानं ट्रक गॅसवर नेण्याची मोहीम काढली होती. २०१४ मध्ये खनिज तेल गडगडलं आणि तिची हवा गेली. जगभर ट्रकवाला एकाच गोष्टीकडे बघतो, आणि त्यात त्याचं काहीही चुकत नाही.

सरकारला दर सांभाळता येत नाही, हे मला मान्य नाही. एप्रिल २०२३ मध्ये देशी गॅसच्या दराला ६.५ डॉलरची मर्यादा घातली, तेव्हा सीएनजी लगेच उतरला होता. ट्रकच्या एलएनजीला हे छत्र नाही. तो प्रामुख्यानं आयातीचा, म्हणून जगातला प्रत्येक भडका थेट ट्रकवाल्याच्या खिशात शिरतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पेट्रोनेट या गॅस आयात करणाऱ्या कंपनीनं कतारशी वर्षाला ७५ लाख टन एलएनजीचा करार केला, २०२८ ते २०४८ अशा वीस वर्षांसाठी. एवढा पैसा गुंतवायचा तर खात्री हवी, हे तिथे सगळ्यांना पटलं. ट्रकमालक पाच वर्षांचं कर्ज काढतो आणि घर गहाण ठेवतो. त्याला मात्र आजचा दर बघून उडी मार म्हणायचं?

एलएनजीचा पंपावरचा दर डिझेलपेक्षा किती टक्के खाली राहील, हे कर्जाच्या मुदतीइतक्या काळासाठी कागदावर द्या. न्हावा-शेवा ते नागपूरसारख्या एकेका मार्गावर आधी चोवीस तास चालणारे पंप उभारा, मग त्या मार्गावर गाड्या विका. एवढं करून दाखवा आणि मेळाव्यांचा खर्च वाचवा. ट्रकवाल्याला प्रबोधन नको आहे, त्याला सही-शिक्क्याचा कागद हवा आहे.